मुलगा सापडला नाही, तर घरात दिवाळी करायची का?

"मॅडम, कंदील लावला तर लोक म्हणतील, पोराला विसरले. नाही लावला तर धाकटीने काय पाप केलंय?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या, मूल हरवलेल्या घरांतून हा प्रश्न सतत येतो. कधी निमित्त दिवाळीचं असतं, कधी पुतण्याच्या लग्नाला जायचं की नाही याचं, कधी भाड्याचं घर सोडण्याचं. आपण पुन्हा जगायला लागलो म्हणजे त्याला सोडून दिलं असं होतं का, हीच टोचणी प्रत्येक वेळी आत असते. या प्रश्नावर नाशिक जिल्ह्यातल्या एका कुटुंबाबद्दल लिहिते. घरच्यांची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वडील रेल्वेत. मोठा मुलगा बारा वर्षांचा असताना शाळेतून घरी आलाच नाही. या गोष्टीला सात वर्षं होऊन गेली होती. माझ्याकडे आली ती मात्र धाकटी मुलगी, सतत डोकं दुखतं म्हणून. डोळे तपासले, सगळे रिपोर्ट नॉर्मल. बारावी झाल्यावर तिला नाशिकला कॉलेजला जायचं होतं आणि आई ऐकत नव्हती. क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर आई रस्त्यावर येऊन उभी. मुलगी म्हणाली, "घरात दादाचं कपाट भरलेलं आहे. माझे कपडे अजून बॅगेत असतात. दादा आला तर त्याला जागा नको का?" हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. तिला ते रास्तच वाटत होतं.

मग आईवडिलांना बोलावलं. आई पहिल्याच भेटीत म्हणाली, "यांना काही वाटत नाही. ड्युटी, पेपर आणि झोप." तिने स्वतः सात वर्षांत माहेरी एक रात्र काढलेली नव्हती. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? वडील गप्प. पुढच्या भेटीत त्यांना एकट्याला बसवलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. साप्ताहिक सुट्टी आली की ते पास काढून भुसावळ, इटारसी, कधी पार सुरतपर्यंत जात. स्टेशनवरच्या पोलिसांना, हमालांना, चहावाल्यांना फोटो दाखवत. घरी सांगत, ओव्हरटाइम आहे. हात हलवत परत आल्यावर बायकोच्या तोंडाकडे बघवणार नाही, म्हणून सांगत नव्हते. एक घर धरून बसली होती, दुसरा गाड्या पालथ्या घालत होता, आणि समोरच्याने आशा सोडली असं दोघांनाही वाटत होतं.

अशा घरांत हे इतक्या वेळा दिसतं की मी आता दोघांना वेगवेगळं भेटल्याशिवाय पुढे जातच नाही.

नातेवाईक या कोंडीत भर घालतात. चुलत्यांनी सुचवलं होतं, बारा वर्षं झाली की पालाशविधी, म्हणजे बेपत्ता माणसाचा प्रतीकात्मक अंत्यविधी, करून मोकळे व्हा. शेजारच्या एकाने कायदा सांगितला, सात वर्षं खबर नाही म्हणजे माणूस गेलाच. कायद्याचा अर्थ तसा नाही. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम 108, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं 111, वारसा किंवा विम्यासारखा प्रश्न कोर्टात उभा राहिला तर उपयोगी पडतं. आईने मनात काय मानावं हे ते सांगत नाही. ज्योतिषी तर बोलायलाच नको. "उत्तरेला आहे, पाण्याजवळ आहे" असं ऐकून या बाईंनी मंगळसूत्रातल्या दोन वाट्या मोडल्या होत्या.

अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी 1970च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं मला कामात फार उपयोगी पडतं: बिघाड या माणसांत नसतो, परिस्थितीच अशी असते की दुःखाला शेवट मिळत नाही. म्हणून मी "सत्य स्वीकारा" म्हणत नाही. कोणतं सत्य? ते कुणालाच माहीत नाही. तो असेलही, नसेलही, आणि उद्या सकाळी धाकटीचा पेपर आहे, हे सगळं एका घरात मावायला हवं.

तिघांना एकत्र बसवून मी विचारलं, आज तो कसा दिसत असेल? झेरॉक्समधला फोटो बारा वर्षांच्या मुलाचा होता. आई लगेच म्हणाली, "मिसरूड फुटलं असेल. उंची यांच्यावर गेली असेल." वडील तिच्याकडे बघतच राहिले. त्या दिवशी खूप रडारड झाली, आणि मुलगी पहिल्यांदा बोलली, "दादा एकोणीस वर्षांचा आहे, तर मला सतरा वर्षांची होऊ द्या ना."

त्यानंतरचं काम बरंचसं व्यवहाराचं होतं. शोध एकट्या वडिलांकडे राहिला नाही. महिन्यातला एक दिवस ठरला, जे कळेल किंवा कळणार नाही ते संध्याकाळी घरात सांगायचं. पोलीस ठाण्यात जाऊन तपास कुठे आहे ते विचारायचं, फाइलमधला पत्ता आणि फोन ताजा आहे का बघायचं. वयानुसार बदललेलं रेखाचित्र करता येईल का, हेही विचारायचं. मुलाला पाठ असलेला जुना मोबाइल नंबर रिचार्ज करून चालू ठेवायचा, कारण बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. आईला माहेरी जायचं असेल तर शेजारच्या वहिनींकडे किल्ली आणि निरोप.

कपाट रिकामं करा, असं मी म्हटलं नाही. कधीच म्हणत नाही. मुलीसाठी दुसरं कपाट घेतलं.

ज्यांच्यावर ही वेळ आत्ता आली आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगते. चोवीस तास थांबायचं नसतं. मूल अठराच्या आतलं असेल तर नुसती "मिसिंग"ची नोंद पुरेशी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या आदेशानुसार गुन्हा नोंदवायला हवा, एफआयआरची प्रत मागून घ्या. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते. झोप उडाली, जेवण सुटलं, जीव नकोसा झाला, तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

ती मुलगी आता नाशिकला हॉस्टेलवर आहे. आईचे रोज तीन ठरलेले फोन असतात, चौथा आला तर ती उचलत नाही आणि आई ते चालवून घेते, बहुतेक वेळा. दिवाळीला कंदील लागला, फराळ मात्र आईने केला नाही, विकतचा आणला. पालाशविधीचा विषय चुलते अधूनमधून काढतात. वडील म्हणतात, तेव्हाचं तेव्हा बघू. आई तेवढंही ऐकून घेत नाही. दोघांचं यावर एकमत व्हावं असा माझा आग्रह नाही.