खाली नाव लिही

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला. स्वतःचा चेहरा देऊन एआयकडून तू कोळणीची चित्रं करवलीस, लोकांनी डोक्यावर घेतली, आणि आता ‘यातली खरी मी कुठली’ म्हणून रात्ररात्र जागतेस. तो प्रश्न राहू दे. त्या चित्रातल्या बाईचं नाव काय?

करामतीवर माझा राग नाही. विल्यम जॉन्सनने 1863 आणि 1866 मध्ये मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींचे दोन खंड काढले, तेव्हा स्टुडिओत टिपलेली माणसं दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवली होती. म्हणजे पार्श्वभूमी बदलणं आपल्याकडे फार जुनं. मला खुपतं ते चित्राखालचं: तिथे जात आहे, माणसाचं नाव नाही. तुझ्या एआयनेही नेटवरचे अगणित फोटो आणि त्यांच्याखालचा मजकूर गिळून एक ‘कोळीण’ काढून दिली. नथ, टोपली, नऊवारी. ससून डॉकवर पहाटेच्या लिलावात कानाला मोबाइल लावून भाव पाडणारी तुझी आत्या त्यात कुठे आहे?

ॲनू पालकुन्नथू मॅथ्यू बघ, भारतीय वंशाच्या फोटोग्राफर, अमेरिकेत ऱ्होड आयलंड विद्यापीठात शिकवलेल्या. तिकडे मूळ रहिवाशांनाही ‘इंडियन’ म्हणतात, म्हणून ‘इंडियन’ म्हटलं की कुठल्या, असा प्रश्न येतो. मग त्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचे जुने फोटो घेतले, त्याच पोझमध्ये स्वतः उभ्या राहिल्या आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले. संगणक त्यांनीही वापरला. पण जोडी लावल्यामुळे जुन्या फोटोग्राफरची नजर उघडी पडते. तू शेजारी काय लावलंस? काहीच नाही. म्हणून तुझाच चेहरा तुला परका वाटतोय.

‘सर जुन्या वळणाचे’ म्हणशील. म्हण. एका मोठ्या प्रदर्शनात मला सांगितलं होतं, नावं काढा, चेहरे वैश्विक होतील. मी फोटोच परत आणले. तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि ते अजून सलतं. तरी उद्याही हेच करेन. ती माणसं हातातलं काम टाकून माझ्यासमोर उभी राहिली होती. त्यांना बेनाव टांगायचा हक्क मला कोणी दिला?

चित्रं पुसू नकोस, चांगली आहेत. आधी आत्याला दाखव. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरव, मग तिचा फोटो काढ. नको म्हणाली तर काढू नकोस, आणि नको म्हणाली हेही लिही. खाली नाव, जागा, तारीख. नाव आधी. सोमवारी दोन्ही प्रिंट घेऊन ये. नाव नसलेला मी हातात घेणार नाही.

तुझा,
सर