मेलबर्नची जुनी व्हीएफए फुटबॉल लीग बंद का पडली?

थोडक्यात सांगायचं तर रविवार हातून गेला म्हणून.

व्हीएफए म्हणजे व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन, स्थापना 1877. खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून वेगळा. 1896 मध्ये आठ दमदार क्लब फुटून निघाले आणि त्यांनी व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) काढली. आजची एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) तीच. व्हीएफएकडे उरले पोर्ट मेलबर्न, विल्यमस्टाउनसारखे उपनगरी क्लब. 1925 मध्ये फुट्सक्रे, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्नही तिकडे गेले.

तरी ही मंडळी गप्प बसणारी नव्हती. 1938 मध्ये त्यांनी चक्क चेंडू हाताने फेकायला परवानगी दिली! (ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये एरवी हाताने द्यायचा तर तो मुठीने ठोसा मारूनच द्यावा लागतो.) खेळ वेगवान झाला. मोठ्या लीगमधले, म्हणजे व्हीएफएलचे, खेळाडूही फोडले. तिथल्या कॉलिंगवूड क्लबमधून आलेल्या रॉन टॉडने 1945 च्या मोसमात विल्यमस्टाउनकडून 188 गोल केले. पुढे 18 ऐवजी 16 खेळाडूंचे संघ आले.

पण खरी हुशारी 1960 ची: सामने रविवारी. मोठी लीग शनिवारी खेळायची, त्यामुळे रविवारचं मैदान मोकळं. टीव्हीही आला. माझ्या मते हाच त्यांचा सुवर्णकाळ.

1982 मध्ये व्हीएफएलचा साउथ मेलबर्न संघ सिडनीला गेला, त्याचे रविवारचे सामने मेलबर्नमध्ये घरबसल्या दिसू लागले आणि व्हीएफएचा प्रेक्षक आटला. व्हीएफए या नावाने 1995 चा मोसम शेवटचा. गंमत म्हणजे 1996 पासून त्याच स्पर्धेला प्रतिस्पर्ध्याचं जुनं नाव मिळालं: व्हीएफएल.