कापसाच्या बोंडातलं कोंदण

प्रश्न : मॅडम, मी चोपड्याची. जळगावात ज्वेलरी डिझाइनच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हात बरा आहे, राइनो सॉफ्टवेअरही जमतं. पण शेवटच्या प्रोजेक्टची बाराही स्केचेस सरांनी परत केली. म्हणाले, "हे सगळं कुठेतरी पाहिलेलं आहे." खरंच आहे, मी सगळं पिंटरेस्टवरूनच घेतलं होतं. बाबांचं गावात सोनारकामाचं छोटं दुकान आहे. ते म्हणतात, गिऱ्हाईक जुनंच मागतं. मला काही सुचतच नसेल, तर ही लाइन सोडून द्यावी का?

उत्तर : बेटा, लाइन सोडू नकोस. उसनं घेतलं हे तू सरळ लिहिलंस, त्यावरूनच मला तुझी काळजी वाटत नाही. मोबाईलवर जे दागिने दिसतात ते दुसऱ्या कुणीतरी आधीच पाहून, विचार करून, घडवून संपवलेले असतात. त्यातून तुझ्या हाती उरतं ते फक्त गिरवणं. सुचायला हवं असेल तर अजून दागिना न झालेली वस्तू समोर ठेवावी लागते.

तुमच्याकडे कापूस आहेच. एक उमललेलं बोंड देठासकट घरी आण. हिरवं कवच सुकून तपकिरी झालेलं असतं, त्याच्या चार-पाच टोकदार फाकळ्या होतात. वेचताना बोटांना बोचतात त्या ह्याच. नीट बघ, त्या कापसाला तळाशी धरून ठेवतात आणि वरून मोकळा सोडतात. आता बाबांच्या दुकानातली एखादी खड्याची अंगठी शेजारी ठेव. खड्याला धरणाऱ्या बारीक नख्या, म्हणजे तुमच्या वर्गातले प्राँग, हेच काम करतात. बोंडाच्या आकाराचं कानातलं काढलंस तर ते शोभेची वस्तू होईल, फार तर गोड दिसेल. पण बोंड कापूस कसं धरतं हे उचललंस, तर मोती धरायची तुझी स्वतःची रीत निघेल. सर तेच मागतायत.

त्या एका बोंडाची वीस चित्रं काढ, पेन्सिलने. वरून, देठाकडून, आडवं कापून, कापूस काढल्यावर, फक्त फाकळ्यांमधल्या फटी. पहिली चार-पाच सगळ्यांसारखी येतील. आठव्या-नवव्याला कंटाळा येईल, तेव्हा उठू नकोस. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचं काम मी पाहते, स्वतःचं काही निघतं ते बहुतेक वेळा त्या कंटाळ्याच्या पलीकडे.

आपल्या भागात पाहण्यासारखं किती आहे, सांगते. चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचे. धातू नव्हता, तरी कुणीतरी कवचाचे तुकडे घासून गोल केले, भोकं पाडली. चाळीसगावाहून पुढे पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे मिळालेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लेख आहे की ती कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने, म्हणजे सोनाराने, घडवली. दगडात काम करणारा सोनार! बाबांना हे नक्की सांग. आणि अजिंठ्याला वही घेऊन जा. पहिल्या लेण्यातल्या भिंतीवरच्या चित्रात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या गळ्यातली मोत्यांची सर अंगावर कशी पडते, कुठे वळते, तेवढंच काढून आण.

घरातही आहे. श्रावणात कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसते, नारळाला डोळे लावतात, नथ घालतात. नारळाच्या नाकाला भोक नसतं, तरी नथ बसते. कशी? तार, मेण, चाप? कानबाईची नथ बाबांच्या हातून कधी दुरुस्त झाली असेल तर त्यांना विचार, किंवा एखाद्या आजीला. नाक न टोचणाऱ्या मुलींसाठी चापाची नथ निघाली, तिच्यापुढचाही हाच प्रश्न होता. असा एक अडलेला प्रश्न हाताशी असला की डोकं आपोआप चालायला लागतं.

गिऱ्हाईक जुनं मागतं, हे बाबांचं म्हणणं मी खोडणार नाही. बाई दुकानात येते ती वजन आणि घडणावळ विचारत. म्हणून स्केचशेजारी वजन लिहायची सवय लाव. ओतीव दागिना आधी मेणात घडवतात, मग त्याच आकारात धातू ओततात. एक ग्रॅम मेणाचा नमुना 22 कॅरेट सोन्यात साधारण 17 ते 18 ग्रॅमचा होतो, स्टर्लिंग (92.5 टक्के शुद्ध) चांदीत 10 ग्रॅमच्या आसपास. स्क्रीनवर नाजूक दिसणारं कानातलं कानाची पाळी ओढतं, ते इथे कळतं. फिरकी कुठे बसेल, झाळ, म्हणजे धातूचा सांधा, कुठे लागेल, हे बाबांना विचारत काढ. वर्गातल्या बाकी मुलामुलींकडे असा गुरू घरात नाही.

पुढे शिकायचं तर मुंबईचं आयआयजीजे, म्हणजे रत्नं-दागिन्यांचं शिक्षण देणारी संस्था, आहे, निफ्ट या फॅशन संस्थेचा अ‍ॅक्सेसरी डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. निफ्टला क्रिएटिव्ह अ‍ॅबिलिटी टेस्ट असते, पुढच्या फेरीत सिच्युएशन टेस्ट, तिथे दिलेल्या सामानातून हाताने वस्तू करून दाखवावी लागते. ही वीस चित्रांची वही तिथेही कामाला येईल. पण ते नंतर. आधी सरांकडून पंधरा दिवस मागून घे आणि बाराऐवजी तीनच डिझाइन दे, तिन्ही त्या बोंडातून निघालेली. एक तरी बाबांच्या हातून चांदीत घडवून घे आणि दिवसभर स्वतःच्या कानात घालून फिर. कुठे टोचतं, ते मला लिही.