नेमकी गोळी आहे, मग किमो कशाला?

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलीला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आहे. तपासणीत फिलाडेल्फिया क्रोमोसोम सापडल्यामुळे रोज इमॅटिनिबची गोळी सुरू केलीय. ती नेमकी कॅन्सरच्या मुळावर काम करते म्हणतात, मग किमोही का चालू आहे? शिवाय तिला गोळी गिळता येत नाही.

उत्तर : क्रमांक ९ आणि २२ च्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर आणि एबीएल ही जनुकं जोडली जातात; हाच फिलाडेल्फिया क्रोमोसोम. एबीएलचं एन्झाइम एरवी गरजेपुरतंच जागं होतं. या जोडगोळीचं मात्र बंदच होत नाही. एटीपी या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूचा फॉस्फेट काढून ती पुढच्या प्रथिनांना लावत सुटते आणि ‘वाढत राहा, मरू नको’ हा निरोप रास, स्टॅट अशा साखळ्यांमधून केंद्रकापर्यंत जातो. एटीपीच्याच खाचेत इमॅटिनिब जाऊन बसतं आणि निरोप थांबतो.

पण एकट्या इमॅटिनिबवर हा आजार फार काळ दबून राहत नाही, म्हणून किमोही लागते. काही पेशींमध्ये त्या खाचेचाच आकार बदलतो. प्रथिनाच्या साखळीत ३१५ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन आलं की इमॅटिनिब आत बसत नाही आणि त्याच गटातलं डासाटिनिबही नाही. तिथे याच गटातलं पोनाटिनिब चालतं. शिवाय इमॅटिनिब मेंदूभोवतीच्या द्रवात फारच कमी पोहोचतं, म्हणून पाठीच्या मणक्यातून दिली जाणारी मेथोट्रेक्सेट या किमोच्या औषधाची इंजेक्शनं चुकवायची नाहीत.

आता गोळीचं. १०० मिलिग्रॅमची गोळी सुमारे ५० मिलि पाण्यात किंवा सफरचंदाच्या रसात टाकून चमच्याने ढवळा, विरघळली की लगेच पाजा. ग्लासच्या तळाशी कण राहिले तर थोडं पाणी घालून तेही पाजा, नाहीतर डोस अपुरा पडतो. पोट भरलेलं हवं, रिकाम्या पोटी मळमळतं. एखाद्या दिवशी डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. गोळी विरघळवायची ही युक्ती दुसऱ्या औषधाला परस्पर लावू नका.

डोस शरीराच्या पृष्ठभागावरून ठरतो, साधारणपणे दर चौरस मीटरला रोज ३४० मिलिग्रॅम. वजन-उंची बदलली की तो पुन्हा मोजून घ्या. बुरशीवरच्या व्होरिकोनॅझोलसारख्या औषधांनी इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि किमोतल्या व्हिन्क्रिस्टिनचा नसांना होणारा त्रासही बळावतो. फिटसाठीच्या फेनिटॉइनने उलट इमॅटिनिब कमी पडतं. त्यामुळे कोणतंही नवं औषध आधी तिच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारूनच द्या.

एमआरडीचा, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या कॅन्सरपेशी शोधणाऱ्या तपासणीचा, प्रत्येक अहवाल जपून ठेवा. दहा हजार पेशींत एक कॅन्सरपेशी असली तरी ही तपासणी ती पकडू शकते. आकडा चढू लागला तर एबीएलमधल्या बदलांची तपासणी करायची का, हे त्याच भेटीत विचारा.