बर्लेस्क आणि आपली गवळण

प्रश्न : लहानपणी आजोबांचे बोट धरून माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मी तमाशाचे फड पाहिले आहेत. नाट्यशास्त्र शिकणारा माझा भाचा म्हणतो की, बर्लेस्क म्हणजे पाश्चात्त्यांचा तमाशाच. मी तर तो केवळ कपडे उतरवण्याचा नाच समजत होते. यातले खरे काय? — एक वाचक भगिनी, नांदेड

उत्तर : आपला समज चुकीचा नाही, पण तो या कलेच्या उत्तरायुष्यापुरता खरा आहे. ‘बर्लेस्क’ या शब्दाचे मूळ ‘बुर्ला’ या इटालियन शब्दात असून त्याचा अर्थ थट्टा असा आहे. एखादा उदात्त विषय मुद्दाम हलक्याफुलक्या रीतीने मांडायचा, देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या तोंडी बाजारातली भाषा घालायची, असे विडंबन प्रथम युरोपच्या साहित्यात रुजले आणि एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रंगभूमीवर लोकप्रिय झाले.

१८६८ साली लिडिया थॉम्पसन ही इंग्रज अभिनेत्री आपली मंडळी घेऊन न्यूयॉर्कला गेली. तेथे तिने इक्सायन या ग्रीक पुराणातील राजाच्या कथेवरचे विडंबननाट्य सादर केले आणि राजाची भूमिका स्वतःच केली. लांब घोळदार झग्यांच्या त्या काळात स्त्रियांनी घट्ट विजारी घालून पुरुषांच्या ऐटीत रंगमंचावर वावरावे, शाब्दिक कोट्या कराव्यात आणि चालू घडामोडींवर टोमणे मारावेत, हे अनेकांना सहन झाले नाही. माझ्या मते लोकांना पायांपेक्षा जीभ अधिक झोंबली असावी. शिकागोच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने या स्त्रियांच्या चारित्र्यावर चिखलफेक केली, तेव्हा १८७० मध्ये लिडियाने त्याला भररस्त्यात चाबकाने फोडले आणि त्यासाठी दंडही भरला.

पुढे अमेरिकेत या प्रयोगांत गाणी, विनोदी प्रवेश आणि कसरती यांची सरमिसळ झाली. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो ही चित्रपटांतली विनोदी जोडी याच रंगमंचावर तयार झाली. कपडे उतरवण्याच्या नाचाला मुख्य आकर्षणाचे स्थान मिळाले ते विसाव्या शतकात, विशेषतः १९२० नंतर, जेव्हा सिनेमाशी स्पर्धा करणे थिएटरमालकांना जड जाऊ लागले. त्यातही जिप्सी रोझ लीसारखी कलावती एक हातमोजा काढायला बराच वेळ घेई आणि तेवढ्यात चुरचुरीत बोलून प्रेक्षकांना हसवत ठेवी. १९३७ मध्ये महापौर ला गार्डिया यांच्या प्रशासनाने न्यूयॉर्कमधील बर्लेस्क थिएटरांचे परवाने रोखले. १९९० च्या दशकात काही कलावतींनी ही परंपरा नव्याने उभी केली.

आता आपल्या भाच्याच्या म्हणण्याकडे वळू. साम्य आहे, पण ते लावणीत शोधू नये. ते गवळणीत आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दान मागतात, आणि पुरुषाने वठवलेली मावशी साक्षात भगवंताशी हुज्जत घालते. तेथे इक्सायनचे राज्य दूर नाही. लंडनला स्त्री पुरुष झाली, आपल्याकडे पुरुष मावशी झाला, एवढाच फेर. विडंबनाचे हे बळ मराठवाड्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, कारण सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडांत भुत्या, जोशी, गोंधळी यांची सोंगे घेऊनच परमार्थ सांगितला.

तरीही दोन्ही कला एकच आहेत असे म्हणणे मला मान्य नाही. तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणेशवंदनेने होतो; बर्लेस्कला असा भक्तीचा उंबरठा नाही. शिवाय तमाशा मुख्यत्वे महार, मांग, कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी जगवला आणि त्यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा जातीशी बांधलेली होती. हा इतिहास वगळून केलेली तुलना त्या कलावंतांवर अन्याय करणारी ठरते. भाच्याला या विषयावर लिहायचे असेल, तर त्याने यंदा माळेगावला जावे आणि गण संपताच मावशीकडे नीट लक्ष द्यावे.