जुनी जावा उभी करताना

भावा, जुनी जावा मोटरसायकल दुरुस्त करायला पाना हातात घेण्याआधी आरसी बुक उघड. इंजिन आणि चेसिसवरचे नंबर त्याच्याशी जुळतात का बघ. नंबर घासलेले असतील तर गाडी कितीही देखणी असू दे, सोडून दे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली दुचाकीच २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. म्हणून हँडल-टाकी बदलायचा मोह टाळ.

खरा जीव इंजिनात. अडीचशे सीसीच्या जावाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर. झिजलेला सिलिंडर आतून मोठा करायला, म्हणजे बोरिंगला, वर्कशॉपात टाकण्याआधी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन हातात असू दे, कारण पिस्टन मोजूनच बोअर करायचा असतो. भंगारात क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा दांडा) मिळाला तर नाक मुरडू नकोस. जर्नल-वेब (बेअरिंगमध्ये बसणारे गोल भाग आणि बाजूच्या तबकड्या) शाबूत असतील तर रॉड किट (पिस्टनला जोडणारा दांडा, त्याची पिन, बेअरिंग) बदलून, सेंटरला लावून, म्हणजे न डगमगता सरळ फिरेल असा जुळवून, तो झकास चालतो. ऑइल सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) मात्र नवेच घाल. क्लचकडचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या कप्प्यात) ओढलं जातं आणि सायलेन्सरचा पांढरा धूर थांबत नाही. लोक उगाच पिस्टनला दोष देतात!

मडगार्ड, हब (चाकाचा मधला भाग), टाकी जुनीच शोध. जुना पत्रा जाड असतो, गंज काढून वेल्डिंग केलं की टिकतो. नव्या नकलेची भोकं अनेकदा जुळतच नाहीत.

प्रत्येक जोड सोडवण्याआधी मोबाइलवर टिपून ठेव, नट-बोल्ट चिठ्ठी लावून वेगवेगळ्या डब्यांत. वायरिंग तेवढं सगळं नवं ओढ. तडकलेल्या जुन्या वायरीशेजारी पेट्रोलची टाकी असते.