‘उद्योग’ वाढला आणि ‘उद्योग’च घटला!

प्रश्न : बातम्यांत कधी ‘उद्योग क्षेत्र’ असतं, कधी ‘उत्पादन क्षेत्र’. मुलीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात इंडस्ट्री आणि मॅन्युफॅक्चरिंग हे शब्द वेगवेगळे दिलेत. मी तिला दोन्ही एकच म्हणून सांगितलं आणि तिचे दोन गुण गेले. खरंच फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि त्यापायी माझीही एकदा चांगलीच फजिती झाली आहे. यंत्रशाळेतली नोकरी सोडून मी भाषांतरं करायला लागलो, तेव्हाची गोष्ट. एका अहवालातल्या तक्त्यात वरच्या ओळीत इंडस्ट्री होतं, खालच्या ओळीत मॅन्युफॅक्चरिंग. मी दोन्हीकडे ‘उद्योग क्षेत्राचा वाटा’ असं लिहून मोकळा झालो. मुद्रितं तपासणाऱ्या मुलीने विचारलं, “काका, उद्योग वर गेलाय की खाली?” वरच्या ओळीतला आकडा वाढला होता, खालचा घटला होता. मूळ तक्ता बरोबरच होता. बांधकाम आणि वीज वाढली होती, कारखाने मागे पडले होते. चूक माझ्या एका शब्दाची होती.

मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे कच्च्या मालाचं किंवा सुट्या भागांचं रूप बदलून नवी वस्तू तयार करणं. मी अकरा वर्षं लेथवर काढली. सकाळी लोखंडाची कांब यायची, संध्याकाळी एका बाजूला बोल्ट आणि पायाशी लोखंडाचा कीस. मॅन्युफॅक्चरिंग म्हटलं की मला अजूनही तो कीसच दिसतो. बदल रासायनिक असला तरी चालतो, रंग नि औषधं त्यातलीच.

अर्थशास्त्राच्या तक्त्यात इंडस्ट्री हे मोठं घर आणि मॅन्युफॅक्चरिंग ही त्यातली एक खोली. संयुक्त राष्ट्रांनी आर्थिक व्यवहारांचं एक प्रमाण वर्गीकरण केलं आहे. ते पहिल्यांदा 1948 मध्ये आलं, त्याची चौथी आवृत्ती 2008 ची. तिच्यात 10 ते 33 हे विभाग मॅन्युफॅक्चरिंगचे. जागतिक बँक ‘इंडस्ट्री’ म्हणून जो आकडा देते त्यात मात्र 5 ते 43 एवढे विभाग येतात. म्हणजे खाणी, वीज आणि गॅस, पाणीपुरवठा व सांडपाणी, बांधकाम हे सगळं आलं.

खरी गंमत सीमेवर आहे. खनिज खणलं आणि खाणीवरच फोडून, धुऊन वेगळं केलं, तोवर ते खाणकाम. भट्टीत वितळवून धातू काढला की मॅन्युफॅक्चरिंग. ट्रान्सफॉर्मर बनवणं मॅन्युफॅक्चरिंग, पण त्यातून जाणारी वीज तयार करणं नाही. सुतारशाळेत केलेली खिडकी मॅन्युफॅक्चरिंगमध्ये मोजतात, तीच नेऊन इमारतीत बसवली की ते बांधकाम. माणूस तोच, हातातला पटाशी-हातोडाही तोच!

आणि यंत्र हवंच असं नाही. या वर्गीकरणानुसार काम हाताने केलं काय, घरी बसून केलं काय, वस्तू नवी घडली की झालं. शब्दाचं मूळही तेच सांगतं. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणं. हातांनी घडवण्याचा हा शब्द पुढे हात न लागता माल निघणाऱ्या कारखान्यांना चिकटला.

‘इंडस्ट्री’चं मूळ ‘इंदुस्त्रिया’, म्हणजे कष्टाळूपणा. इथे मराठीने नकळत अगदी बरोबर जोडी लावली आहे. आपला ‘उद्योग’ही आधी माणसाच्या अंगात होता, मग कारखान्यात गेला. ‘उद्योगी पोरगी’ म्हणजे कारखान्याची मालकीण नव्हे, आणि ‘नसते उद्योग करू नकोस’ हे कोणी कारखानदाराला उद्देशून म्हणत नाही.

अडचण मॅन्युफॅक्चरिंगच्या मराठी शब्दाची आहे. ‘उत्पादन’ रूढ आहे, पण कोळशाचं, विजेचं, गव्हाचंही उत्पादनच होतं. ‘निर्मिती’ नाटक-सिनेमावाल्यांनी कधीच पळवली. ‘कारखानदारी’ कानाला सर्वांत जवळची, पण घरी बसून टोपल्या विणणारी बाई तिच्यात बसत नाही. मी ‘वस्तुनिर्माण’ लिहितो. जरा अवजड आहे, पण माझे तक्ते तेव्हापासून सरळ आहेत.

मुलीचे दोन गुण परत मिळवून देणं मात्र माझ्या हातात नाही.

प्रश्न : मग ‘पर्यटन उद्योग’, ‘विमा उद्योग’ म्हणणं चूक का? तिथे तर काहीच घडवत नाहीत.

उत्तर : चूक नाही. हा ‘उद्योग’चा तिसरा अर्थ. एकाच प्रकारचं काम करणाऱ्या सगळ्या आस्थापनांचा गट म्हणजे एक उद्योग. राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब मांडणारे याच अर्थाने शेतीलाही उद्योग म्हणतात. ‘विमा उद्योग’ चालेल, ‘विम्याचं वस्तुनिर्माण’ चालणार नाही.

प्रश्न : माझी छोटी प्रकाशनसंस्था आहे. मी कुठल्या खोलीत?

उत्तर : पूर्वी तुम्ही आणि तुमचे छपाईवाले एकाच खोलीत, मॅन्युफॅक्चरिंगमध्ये होता. 2008 च्या आवृत्तीने तुम्हाला उचलून ‘माहिती आणि संदेशवहन’ या भागात नेऊन बसवलं. पुस्तकाचा मजकूर मिळवून तो लोकांपुढे आणणं वेगळं आणि कागदावर शाई उमटवणं वेगळं, असा तो विचार. छपाईवाले आहेत तिथेच राहिले. तेव्हा आपल्या या अंकापुरतं बोलायचं तर छापखान्यातली मंडळी वस्तुनिर्माणातली. तुम्ही, संपादक आणि मी नव्हे.